भीमा दलालाच्या डोक्याचा दोरा

नवरा मेलेलाच निघू दे म्हणून देवीला नवस बोललेली बाई तुम्ही पाहिलीय का? केडगावात होती एक. चांगुणा तिचं नाव. लगेच तोंड वाकडं करू नका. आधी ऐकून घ्या, मग तिला काय नावं ठेवायची ती ठेवा.

चांगुणाचं माहेर पारनेरच्या माळावरचं. तेराव्या वर्षी लग्न होऊन ती केडगावात आली ती हातात विळा आणि तोंडात धारदार जीभ घेऊनच. ज्वारीच्या सोंगणीला ती पाथ धरायची तेव्हा गडी मागं पडायचे, आणि बोलायला लागली की गडी घरी जायचे. मूलबाळ झालं नाही. सासू साळूबाई त्यावरून येता-जाता टोमणे मारायची, आणि चांगुणा एकही टोमणा उधार ठेवायची नाही.

नवरा भीमा घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाल होता. बैलाचं तोंड उघडून दात बघितले की वय सांगणार, शेपटी पिरगाळली की स्वभाव सांगणार, असा त्याचा लौकिक. बाजाराला गेला की दोन-दोन, तीन-तीन दिवस तिकडेच. घरी आला की पागोटं खुंटीला, पाय पसरून जेवण, आणि भिंतीला टेकून डुलकी. बोलणं म्हणाल तर "वाढ" आणि "बास". बाजारात म्हणे हा माणूस दिवसभर तोंडाचा पट्टा चालवायचा; घरी पोचेतो सगळे शब्द खलास. चांगुणाला त्याचाच राग यायचा. "बाजाराला निवडून-वेचून देत्यात, अन् माज्या वाट्याला कोंडा," असं ती शेजारणीला सांगायची.

त्रेचाळीस सालच्या आखाडात भीमा बाजाराला गेला तो परत आलाच नाही. आठ दिवस झाले, पंधरा झाले. धाकटा दीर गहिनीनाथ घोडेगावला जाऊन चौकशी करून आला. बाजार उरकून भीमा नगरकडे निघाला होता, एवढं कळलं. पण त्याबरोबर गहिनीनाथनं आणखी एक बातमी आणली, आणि ती चारचौघांत बोलून दाखवली, मूर्खानं. बाजाराच्या कडेला झुंबरबाई नावाच्या एका बाईची खानावळ होती, भीमा तिथं जेवायचा, आणि ती बाईही त्याच आठवड्यात खानावळीला कुलूप लावून कुठं तरी निघून गेली होती.

झालं! गावानं सुतावरून स्वर्ग गाठला. भीमा दलाल झुंबरबाईला घेऊन पळाला. साळूबाईनं तर देवळाच्या पायरीवर बसून जाहीर केलं, "हिच्या जिभंला कटाळून पळालं माजं लेकरू." त्या दिवसापासून चांगुणा टाकलेली बायको झाली. विधवेला निदान लोक चुकचुकतात तरी. टाकलेलीला पाहून बायका पदराआड हसतात.

चांगुणानं झुंबरबाईला जन्मात कधी पाहिलं नव्हतं. पण मत्सराला पाहायची गरज कुठं असते? तिनं ती मनातल्या मनात घडवली. गोरीपान, नाकात टपोरी नथ, अंबाड्यावर शेवंतीची वेणी, बोलणं गुळाच्या पाकासारखं. असली बाई बाजाराच्या धुरळ्यात बसून ज्वारीच्या भाकरी थापील कशाला, हा साधा विचार तिच्या डोक्यात आला नाही. भाकरी थापताना ती मनात म्हणायची, ही झुंबरीच्या थोबाडीत. दळताना म्हणायची, हे झुंबरीचं पीठ. जेवताना घास अडकला की वाटायचं, आता ती त्यांना वाढत असेल. त्यांना लसणाच्या चटणीत शेंगदाण्याचं कूट लागतं, हे तिला ठाऊक असेल का? असेल, मेलीला सगळं ठाऊक असेल!

एकदा तर कहर केला. भीमाची दोन जुनी पागोटी खुंटीला होती, ती तिनं चुलीत घातली आणि त्यावर अंघोळीचं पाणी तापवलं. त्या पाण्यानं अंग धुऊनही आग काही विझली नाही, ती गोष्ट वेगळी.

अशी चार वर्षं गेली. भीमा मेला असेल असं कुणी चुकून म्हटलं तर लोक म्हणायचे, छे, मजेत असेल. चांगुणाच्या कपाळावर कुंकू होतं, हातात बांगड्या होत्या, आणि प्रत्येक बांगडी तिला टोचत होती.

मग सत्तेचाळीसचा उन्हाळा आला. नगरहून केडगावला येणाऱ्या आडवाटेवर माळात एक जुनी विहीर होती, कठडा नसलेली. पाणी आटलं म्हणून लोकांनी गाळ काढायला घेतला, आणि तिसऱ्या दिवशी गाळाच्या पाटीत माणसाची कवटी आली. मागोमाग काही हाडं. कपड्यांचा मागमूस नाही, खालचा जबडा नाही, वरचे दात कधीच गळून चिखलात गेलेले. फौजदार आले, पंचनामा झाला. गावातून कोण नाहीसं झालंय, असं त्यांनी विचारलं तेव्हा दोन नावं पुढं आली. एक भीमा दलाल. दुसरा एक फिरता बैरागी. तोही त्याच साली देवळात उतरला होता आणि एका सकाळी झोळी तिथंच टाकून नाहीसा झाला होता.

चांगुणा शेतात होती. बातमी ऐकली आणि तिच्या हातातून खुरपं गळालं. आता खरं सांगायचं तर तिला आनंद झाला. लाज वाटली, पण आनंद झाला. ती तशीच उठली आणि केडगावच्या देवीपुढं जाऊन उभी राहिली. "आई, त्ये डोस्कं माज्या मालकाचंच निघू दे. मेला असंल तर माजा हाय. जित्ता असंल तर तिचा. खनानारळानं तुजी वटी भरीन." कुंकू पुसायला मिळावं म्हणून कुंकू लावून केलेला नवस होता तो. पुजारीण कानावर हात ठेवून आत गेली.

नगरच्या मोठ्या दवाखान्यात कवटी एका टेबलावर ठेवली होती. डॉक्टर तरुण होते, पुण्याहून शिकून आलेले. त्यांच्या हातात वाकड्या पायांचा एक मोठा चिमटा होता. तो उघडून ते कवटीच्या कपाळावर एक टोक टेकवायचे, मागच्या फुगवट्यावर दुसरं, आणि मधलं अंतर पट्टीवर धरून लिहून घ्यायचे. मग कानशिलापासून कानशिलापर्यंत. मग डोळ्यांच्या खोबणी. चांगुणा आणि गहिनीनाथ दारात उभे राहून बघत होते. इतक्या हळुवारपणे आपल्या नवऱ्याच्या डोक्याला आपण कधी हात लावला होता का, असं चांगुणाच्या मनात आलं.

"पुरुषाची आहे," डॉक्टर म्हणाले. "भुवयांचं हाड बघा किती पुढं आलंय. वय चाळिशीच्या आसपास. मागं तडा आहे, पडताना दगडावर आपटली असावी. पण माप नुसतं घेऊन भागत नाही, ते कशाशी तरी ताडून बघावं लागतं. भीमाचा फोटो आहे?"

"फोटू कुटला साहेब," गहिनीनाथ म्हणाला.

"मग जिवंतपणीच्या डोक्याचं माप?"

फौजदार हसले. "डोक्याचं माप कोण ठेवतंय, डॉक्टर?"

"चांदभाई ठिवतो," चांगुणा म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. "पागोटंवाला. परत्येक गिऱ्हाइकाचा दोरा हाय त्याच्याकडं." आणि तिनं जीभ चावली, कारण चुलीत घातलेली ती दोन पागोटी तिला आठवली. नसती जाळली तर आज टेबलावर असती.

चांदभाई नगरातला म्हातारा कारागीर. लाकडी ठोकळ्यावर पागोटं बांधून, घट्ट बसवून द्यायचा. गिऱ्हाईक पहिल्यांदा आलं की तो एका जाड दोऱ्यानं त्याचं डोकं मापायचा. दोऱ्याची लांबी म्हणजे डोक्याचा घेर. आणि त्याच दोऱ्यावर दोन गाठी, एक टाळूवरून कपाळापासून मानेपर्यंतची, दुसरी तशीच टाळूवरून कानापासून कानापर्यंतची. लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून ज्याचा दोरा त्याच्या पागोट्याची चिंधी तो टोकाला बांधून ठेवायचा. शिपाई त्याला घेऊन आला तेव्हा त्याच्या खांद्यावर दोऱ्यांचा हा मोठा जुडगा होता. चिंध्या चाळत चाळत त्यानं एक दोरा ओढून काढला. किरमिजी चिंधी, जरीचा बारीक काठ.

"ये देखो. भीमा दलाल. लांबट डोकं, अंडं जसं. अशी डोकी नगरात दोन-चारच."

डॉक्टरांचे डोळे चमकले. त्यांनी दोरा घेतला. कातडीचं आणि केसांचं किती धरायचं याचा हिशेब त्यांनी आधी कागदावर मांडला, मग दोरा कवटीवर धरला. कपाळापासून मानेपर्यंत, बरोबर. कानापासून कानापर्यंत, बरोबर. चांगुणानं पदर तोंडात धरला. आता घेर. डॉक्टरांनी दोरा गोल फिरवला, कातडी-केसांपुरती ढील सोडली, आणि थांबले. पुन्हा फिरवला.

"दोन बोटं जास्त आहे."

"मजी?" चांगुणानं विचारलं.

"म्हणजे हे डोकं लहान आहे, बाई. भीमाचं डोकं घेराला याच्याहून मोठं होतं. दोन मापं जुळली तरी तिसऱ्यात इतका फरक मला सोडून देता येणार नाही."

"चार वर्सं पान्यात व्हतं साहेब. आटलं असंल."

"हाड असं आटत नाही." डॉक्टरांनी दोरा टेबलावर ठेवला. "ही कवटी त्या बैराग्याची असावी."

चांगुणा मटकन खाली बसली. म्हणजे तो जिवंत आहे. जिवंत आहे, आणि तिच्याकडे आहे. नवस फिटला नाही, कपाळावरचं कुंकू राहिलं, आणि उद्या साळूबाई पुन्हा देवळाच्या पायरीवर बसून म्हणणार, मी सांगत न्हवते? चांगुणाला रडू आलं ते नवरा जिवंत आहे म्हणून. असं रडणं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

तेवढ्यात दारात शिपाई उभा राहिला. "साहेब, राहात्याहून झुंबरबाईला आनलीय."

फौजदारांनी जबानीसाठी तिला दोन दिवसांपूर्वीच बोलावणं धाडलं होतं. चांगुणा ताडकन उठली. चार वर्षं जिला रोज दळलं, थापलं, भाजलं, ती आत्ता आत येणार होती. चांगुणानं कासोटा आवळला, तोंडात चार अस्सल शिव्या तयार ठेवल्या.

आत आली ती पन्नाशी उलटलेली, काळीसावळी, देवीच्या वणांची बाई. पुढचा एक दात पडलेला. कपाळ मोकळं, गळा मोकळा. हातात एक पुडकं.

अगं बाई! हिच्यासाठी? चांगुणाच्या तोंडातल्या शिव्या तोंडातच राहिल्या. आणि गंमत बघा, तिला हायसं वाटायला हवं होतं, तर तिला फसवल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं इतकी मेहनत घेऊन जिला नथ घातली, वेणी माळली, ती ही?

झुंबरबाई खोलीभर बघत होती. "कुठं हायेत भीमाभाऊ? शिपाई म्हनला, भीमा दलाल सापडला. म्हून त्यांचा रुमाल आनलाय. त्या बाजारी धुवाया टाकला अन् पुन्यांदा न्ह्यायला आलेच न्हाईत. माजी भन वारली, तिची लेकरं संबाळाया मला राहात्याला जावं लागलं. पर दुसऱ्याची वस्तू, टाकू कशी?" मग तिला टेबलावरची कवटी दिसली. ती भिंतीला धरून हळूच खाली बसली.

"ती भीमाची नाही," डॉक्टर समजुतीनं म्हणाले. "हा त्याच्या पागोट्याच्या मापाचा दोरा. बघा, दोन बोटं मोठा आहे."

झुंबरबाई दोऱ्याकडे बघत राहिली. "रुमालावरनं घेतला असंल," ती म्हणाली.

"काय?"

"दोरा. रुमालावरनं मापला असंल." तिनं पुडकं सोडलं. जाड विणीचा, लांबलचक, धुऊन पांढराधोट झालेला रुमाल निघाला. "दलालाचा रुमाल हाय साहेब. सवदा करताना दोघं ह्याच्याखाली हात घालत्यात, बोटं दाबून भाव सांगत्यात, तिसऱ्याला कळू नये म्हून. बाकीचे खांद्यावर टाकायचे. भीमाभाऊचा एकदा चोरीला गेला, तवापासून ते घडी करून डोस्क्याभवती गुंडाळायचे अन् वर पागोटं. बाजारात कुनाला दिसायचा बी न्हाई. पागोटं बी त्याच हिशेबानं घेतलेलं."

चांदभाईनं कपाळावर हात मारला. "या अल्ला! खरंय. दुकानात आला तो रुमाल बांधूनच आला. मी म्हणलं, उतार. तो म्हणतो, चांदभाई, रुमालासकट माप, उतरवून बसतंय कोन. मेरी अक्कल को क्या हुआ!"

डॉक्टर एकदम पुढं झाले. "कशी घडी करायचा? दाखवा."

झुंबरबाईनं रुमाल उभा चौपदरी केला, कड आत दुमडली, आणि तो कवटीभोवती कपाळापासून मागं नेऊन टोक कानाच्या वर खोचलं. डॉक्टरांनी कातडी-केसांची तेवढीच ढील सोडून वरून दोरा फिरवला. दोन्ही टोकं एकमेकांना येऊन चिकटली. नखभरही फरक नाही.

"जुळला," डॉक्टर म्हणाले. "रुमाल नुसता भोवतीनं, टाळू मोकळी, म्हणून फरक घेरातच पडला. आता तिन्ही मापं जुळली. भीमाच आहे हा."

फौजदारांनी टोपी काढली. "विहीर केडगावच्या आडवाटेवर आहे. अंधारात पाय घसरला असणार. घरी चालला होता बिचारा."

घरी चालला होता. चार वर्षांत चांगुणाला याच्याइतकं गोड कुणी काही बोललं नव्हतं. टाकलेली नाही, ती टाकलेली नव्हतीच कधी. तो तिच्याकडे येत होता, हाकेच्या अंतरावर आला होता. ती सगळ्यांदेखत ओरडली, "आयकलं का गहिनी? घरी येत व्हते! जा, आईला सांग तुज्या!" आणि मग रडली, ते मात्र विधवेचं रडणं.

पण थांबा, ही गोष्ट इथं संपली असती तर मी सांगायला बसलो नसतो.

दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली गहिनीनाथनं नवं फडकं अंथरलं आणि भावाची हाडं नि कवटी त्यावर ठेवली. इथूनच मसणवट्यात न्यायची होती. बायका तिथं जात नाहीत, म्हणजे काय बघायचं ते चांगुणानं इथंच बघायचं. डॉक्टरांनी रुमाल सोडून झुंबरबाईच्या हातात परत दिला होता, तिनं आणला म्हणून. ते चांगुणानं बघितलं मात्र, आणि रडता रडता तिचं डोकं फिरलं. तिनं झडप घालून रुमाल ओढला.

"माज्या मालकाचा हाय."

"तुमचाच हाय, वैनी," झुंबरबाई म्हणाली आणि हात सोडला.

तिनं भांडायला हवं होतं. भांडली असती तर चांगुणाला सोपं गेलं असतं. पंधरा वर्षं ते पागोटं खुंटीला लागत होतं, आत रुमाल असतो हे बायकोला माहीत नाही, आणि ह्या बोडकीला घडीसुद्धा माहीत. हिनं सांगितलं म्हणून नवरा नवरा ठरला. नाही तर बैरागी म्हणून जळाला असता. चांगुणाच्या अंगाची लाही लाही झाली.

"तुजं नि त्यांचं काय व्हतं?" तिनं थेट विचारलं. "आता मेल्यात त्ये. खरं सांग."

"काय असनार वैनी? जेवायला यायचे. रुमाल धुवाया टाकायचे. येकदा माज्याकडनं घडी चुकली तर मोप वरडले, मंग सोता बसून शिकवली."

"बास? येवढंच?"

"अन् बोलायचे." झुंबरबाईच्या वणांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "लई बोलायचे. भाकरी गार व्हायची पर तोंड मिटत नव्हतं."

चांगुणाला वाटलं, ह्यापेक्षा दुसरं काही असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या कशाला निदान नाव असतं, त्यावर शिव्या देता येतात. बोलण्याला काय शिवी देणार? भाकऱ्या तिनंही थापल्या होत्या, धुणं तिनंही धुतलं होतं. बोलणं तेवढं मिळालं नव्हतं.

ती कवटीपुढं बसली आणि रुमाल दुमडायला लागली. चौपदरी केला, कड बाहेरच राहिली. गुंडाळला, सुटला. झुंबरबाईचा हात आपोआप पुढं आला. चांगुणानं तो झटकला.

"हात लावू नगंस. तोंडानं सांग."

"कड आत घ्या. हां. आता कपाळाकडनं... आवळून. टोक कानावर."

दुसऱ्यांदाही सुटला. तिसऱ्या खेपेला बसला, घट्ट, बाजाराला निघाल्यासारखा. चांगुणानं त्यावरून एकदा हात फिरवला आणि गहिनीनाथला म्हणाली, "ने."

फडक्याची चारी टोकं बांधून तो निघाला. फाटकाशी थांबलेली गावची चार माणसं मागं गेली. चांदभाई दोरा चांगुणाच्या पुढ्यात ठेवून सलाम करून गेला. लिंबाखाली दोघी बायका उरल्या. झुंबरबाईनं लुगडं झटकलं, "येते वैनी, राहात्याची मोटार चुकंल," म्हणाली आणि फाटकाकडे चालायला लागली.

चांगुणा तिच्या पाठीकडे बघत होती. बाईचा तिला अजूनही राग येत होता, मुळापासून, पहिल्याइतकाच. ती फाटकाशी पोचली तशी चांगुणा उठली, धावत गेली आणि तिचं मनगट घट्ट धरलं.

"मोटार चुकू दे," ती म्हणाली. "उद्या जाशील. बस हितं. काय काय बोलायचे त्ये सांग मला. पयल्यापासनं सांग, काय बी गाळू नगंस."